फाटकवाल्या लालासाहेबाचं बोलावणं

माणसाला बोलवायचं कसं, हे लालासाहेबाला पन्नाशीला टेकल्यावर कळलं, आणि तेही जपानकडून. हसू नका. थापा ऐकायच्या असतील तर चावडीवर पुष्कळ मिळतील, ही गोष्ट खरीखुरी घडल्यासारखीच ऐकायची.

रहिमतपूर स्टेशन सोडलं की कराडच्या अंगाला शेताशेतांतून एक गाडीवाट जाते. तिथं रेल्वेचं फाटक, आणि फाटकावर लालासाहेब गेटमन. नाव लालासाहेब, पण साहेबाशी संबंध सलाम ठोकण्यापुरता. स्टेशनातून फोन आला की फाटक पाडायचं, हिरवी झेंडी धरून उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उचलायचं. जवळच रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर. गाव मैलभर लांब, शेजार म्हणून एक विहीर आणि बाभळी.

जन्मभर माणसं थांबवायचं काम केलेला गडी, त्याचं बोलणंही तसंच होऊन बसलं होतं. फाटकावर 'थांब', 'मागं सर', 'बैल आवर'. घरात 'पाणी आण', 'ताट वाढ', 'गप बस'. त्याची बायको मालन विहिरीवर आलेल्या बायकांना सांगायची, "आमच्यात पाच-सा शब्दांत संसार चालतोय बगा. बाकीची समदी मराठी तशीच शिल्लक पडलीया." बायका हसायच्या. मालनही हसायची, पण ते हसू वरवरचं असायचं, आणि त्याचं कारण होतं सई.

सई ही त्यांची एकुलती एक लेक. मिरजेला नर्सिंग शिकली, तिथल्याच एका दवाखान्यात लागली. त्या दवाखान्याच्या गाद्या भरून द्यायला सांगलीचा फारूक यायचा. खणभागात त्याचा बापापासूनचा गादी कारखाना. दोघांचं जमलं, दोघांनी सरळ रजिस्टर लग्न केलं आणि सई ते सांगायला एकटी क्वार्टरवर आली. धाडसाची पोर. लालासाहेबानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलला, "ह्या घरातनं तुला पुन्यांदा बोलावणं न्हाई."

आता शहरातल्या माणसाला वाटेल, एवढंच ना? मारलं नाही, झोडलं नाही. पण आमच्याकडं बोलावणं म्हणजे काय चीज आहे हे ठाऊक असेल त्याच्या काळजात चर्रर्र होईल. लग्न झालेली लेक बोलावल्याशिवाय माहेरी पाऊल टाकत नाही. पंचमीला भाऊ नाहीतर बाप मुराळी होऊन जातो, तिच्या सासरच्यांना विचारतो, तिला घेऊन येतो. मुराळी गेला नाही तर लेक डोळ्यांत पाणी घेऊन वाट बघत बसेल, पण आपणहून येणार नाही. बोलावणं बंद म्हणजे माहेर बंद. शिवाय मालनला ताकीद दिलेली होती, सांगलीच्या गाडीत बसायचं नाही. चार वर्षं गेली. त्या घरात सईचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं.

आणि अशा ह्या घरात एक दिवस जपान आलं.

त्याचं असं झालं. ड्यूटी संपली की दिवेलागणीला लालासाहेब दारात रेडिओ घेऊन बसायचा. बाभळीवर तांब्याची तार टाकलेली होती. बातम्या, भजन, कुस्तीचं काही असलं तर ते, जे सापडेल ते ऐकायचं. थंडीच्या दिवसांत एकदा काटा फिरवता फिरवता शॉर्टवेव्हवर खरखर झाली, शिट्या वाजल्या आणि त्यातून एक बाई हिंदीत बोलायला लागली. हे जपान आहे, म्हणाली. आता जपानी भाषेचा पाठ ऐका, म्हणाली. लालासाहेबाची नोकरीची पहिली वर्षं भुसावळकडं गेलेली, त्यामुळं हिंदी त्याला चांगलं कळायचं.

त्याचा हात काट्यावरच राहिला. जपान! कुठं ते जपान, कुठं हे रान!

"मालन! आगं हिकडं ये! जपान बोलतंय!"

मालन पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "कुणाशी?"

"आपल्याशी. दुसरं कोण हाय हितं?"

दोघं खरखर ऐकत उभी राहिली. बाई एकेक शब्द तोडून, थांबून, पुन्हा सांगत होती. घाई नाही, चिडणं नाही. चौथी शिकलेल्या फाटकवाल्याला कुणीतरी समुद्रापलीकडून इतक्या मायेनं शिकवतंय, ह्याचंच लालासाहेबाला इतकं अप्रूप वाटलं की त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग तो नादच लागला. वही नाही, पुस्तक नाही, सगळा कारभार कानावर. फाटक पाडता पाडता तो पुटपुटायचा, झेंडी धरून पुटपुटायचा. हे काय, ते काय, मी फाटकवाला आहे, आज हवा थंड आहे. बाईनं प्रश्न कसा विचारायचा ते शिकवलं त्या दिवशी तर तो उठून उभाच राहिला. वाक्याच्या शेवटी नुसतं 'का' लावायचं! आपलं 'का'! येतोस का, जेवलास का, ह्यातलं 'का'! "आगं मालन, त्यांचं 'का' आन आपलं 'का' एकच हाय गं!" मालन म्हणाली, "मग कोणी कोणाचं चोरलं?" तो म्हणाला, "चोरंल कोण? देवानंच दोन्ही घरी वाटलं असंल." त्या रात्री त्याला जेवण गोड लागलं.

पण खरा तडाखा पुढंच होता. एका संध्याकाळी बाई म्हणाली, आज आपण निमंत्रण द्यायला शिकू. हारुको नावाची एक मुलगी आपल्या मैत्रिणीला फुलं बघायला बोलावतेय. कशी बोलावते? 'इश्श्यो नि इकिमासेन का.' म्हणजे, माझ्याबरोबर येणार नाही का? मैत्रीण हो म्हणाली की मग दोघी म्हणतात, 'इकिमाश्यो.' जाऊया.

लालासाहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. बोलावणं आणि त्यात 'नाही'?

मालनला तर ते मुळीच पटलं नाही. "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणं मांडवाला आग लागली! आपुन दिवा इझला म्हणत न्हाई, वाढला म्हणतो. जातो म्हणत न्हाई, येतो म्हणतो. आन ही माणसं बोलावतानाच न्हाई म्हणत्यात? कोण जाईल असल्यांच्या दारात?"

तेवढ्यात रेडिओतल्या बाईनंच उत्तर दिलं. जणू तिनं मालनचं ऐकलं होतं. म्हणाली, आम्ही 'नाही' आधीच प्रश्नात ठेवतो, म्हणजे समोरच्याला 'नाही' म्हणायचं असेल तर जड जात नाही. त्याचं मन त्याच्या हाती राहतं. आणि कुणी अडखळत 'च्योत्तो' म्हणून वाक्य अर्धंच सोडलं, तर ओळखायचं की त्याला जमत नाही. मग ताणायचं नाही.

पाठ संपला, जपानी बाजा वाजला, खरखर उरली. लालासाहेब रेडिओ बंद करायचं विसरून बसला होता. अहो, जगात अशी माणसं आहेत, जी दुसऱ्याला बोलावण्याआधी त्याच्या नकाराला बसायला पाट मांडतात! आपल्याकडं आग्रह न करणारा यजमान कवडीचुंबक आणि पहिल्या हाकेला ताटावर बसणारा पाहुणा हावरट. नको नको म्हणायचं, घ्या घ्या म्हणायचं, असं दोन्ही बाजूंनी ताणलं की मग बोलावणं पार पडतं. त्यातही लालासाहेब आग्रहाच्या वाटेला कधी गेला नाही. त्यानं उभ्या जन्मात नुसते हुकूम सोडले होते. कुणाला काही विचारल्याचं त्याला आठवेना. खूप आठवून बघितलं, आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळत होता. तो चुलीपाशी येऊन उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मालन, माझ्यासंगं च्या पिणार न्हाईस का?"

मालनच्या हातातला चिमटा पातेल्यावर आपटला. "का? मी काय केलं?"

"काय केलं न्हाईस. इचारतोय."

"बरं वाटत न्हाई का तुमास्नी?" तिनं खरंच त्याच्या कपाळाला हात लावला.

"आगं ताप न्हाई मला. इचारतोय. न्हाई म्हणलीस तरी चालंल."

मालननं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. लग्नाला तीस वर्षं झाली होती. चहा दोघांनी उंबऱ्यावर बसून प्यायला, आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून तो फाटक पाडायला धावला.

उसाचा हंगाम होता. फाटक पडलं की दोन्ही अंगांना ट्रॅक्टर, बैलगाड्या, सायकली अशी रांग लागायची आणि शिव्या सुरू व्हायच्या. लालासाहेब आता त्यांच्यावर जपानी चालवायला लागला. गुंडा नावाचा एक ट्रॅक्टरवाला होता, तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही. तो एक दिवस ओरडला, "लालाबापू, जपानात 'फाटक उघडा' कसं म्हणत्यात वं?"

"उघडा म्हणत न्हाईत. 'आकेमाश्यो का' म्हणत्यात. उघडूया का."

"मग उघडूया की आवं! आमी कवा न्हाई म्हणलं!"

सगळी रांग हसली. तेव्हापासून गाडीचा शेवटचा डबा गेला रे गेला की पोरंटोरं, गाडीवान, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया, सगळी एका सुरात 'माश्यो ऽऽ' म्हणून आरडायची आणि लालासाहेब फाटक उचलायचा. गंमत अशी की शिव्या कमी झाल्या. फाटकावरचं थांबणं तेवढंच होतं, गाड्या काही लवकर येत नव्हत्या, पण माणसं खवळायची थांबली. लालासाहेब हे बघायचा आणि मनात म्हणायचा, ह्या भाषेत काहीतरी आहे.

उन्हाळा गेला, पाऊस मार्गी लागला, श्रावण आला. पंचमी जवळ आली तशा लेकी यायला लागल्या. जीपमधून, छकड्यातून, कुणी मोटरसायकलवर बापाच्या मागं बसून. हातात नवी पिशवी, अंगावर नवी साडी, चेहऱ्यावर असं काही तेज की बघणाऱ्यानं बघत राहावं. सगळ्या फाटकावरून जायच्या. लालासाहेब एकेकीला फाटक उघडून द्यायचा. मागल्या चार श्रावणांत त्यानं मान खाली घालून ते काम केलं होतं. ह्या खेपेला मान खाली जाईना.

एका छकड्यात गावातली एक पोर होती, सईबरोबर शाळेत गेलेली. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं, तिचं सासर लांब फलटणकडं. तिनं वाकून विचारलं, "मामा, सई आली का?"

लालासाहेबानं झेंडीनंच छकड्याला पुढं जायची खूण केली. छकडा गेला, फाटक उघडंच राहिलं आणि तो मोकळ्या रुळांकडं बघत उभा राहिला. मी बोलावणं बंद केलं, असं त्याला चार वर्षं वाटत होतं. पण बोलावणं करता येणाऱ्यानं बंद करावं. त्याला ते मुळात येतच कुठं होतं? ते त्याला आत्ता शिकायला मिळालं होतं, परक्या मुलखातल्या बाईकडून, आणि ते ज्या एका माणसासाठी वापरायचं, तिला सोडून तो साऱ्या पंचक्रोशीला 'माश्यो, माश्यो' करत बसला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की झेंडी हातातून गळाली.

संध्याकाळी तो मालनला म्हणाला, "उद्या सुट्टी टाकलीया. सांगलीला जातो. पोरीला आणतो."

मालन मटकन खाली बसली. मग उठली, डब्यातला गूळ बघितला, पंचमीची पुरणाची दिंडं करायला डाळ आहे का बघितलं, परत बसली. "खरंच?" एवढंच म्हणाली. तिच्या ओठांवर आणखी एक वाक्य आलं होतं, पण ते तिनं गिळलं. आणि लालासाहेबाला ते दिसलं नाही. इतकं शिकला होता, तरी दिसलं नाही.

सकाळच्या पॅसेंजरनं तो निघाला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. कराड गेलं, कृष्णा दिसली, ताकारी गेली. खिडकीशी बसून तो ओठ हलवत होता. शेजारच्या म्हातारीला वाटलं, जप करतोय. तिनं हात जोडले.

खणभागातला कारखाना सापडायला वेळ लागला नाही. पिंजायचं यंत्र घरघरत होतं आणि सगळ्या बोळात कापूस तरंगत होता. फारूकच्या भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या. सईजवळच्या फोटोवरून त्यानं लालासाहेबाला ओळखलं आणि यंत्र बंद केलं. एकाएकी इतकं शांत झालं की बाहेरच्या सायकलची घंटी ऐकू आली.

"आबा, या. बसा." त्यानं खुर्ची झटकून पुढं केली. फारूकची आई आबेदा डोक्यावर पदर ओढत आतून आली, हातात स्टीलच्या तांब्यात पाणी. "घ्या भाऊ, लांबून आलात."

"नको," लालासाहेब म्हणाला.

"मग सरबत करू?"

"नको, नको. कायबी नको."

आबेदानं तांब्या हळूच जमिनीवर ठेवला. फारूकनं मान वळवली आणि कापसाच्या ढिगाकडं बघायला लागला. लालासाहेबाला काही कळेना. तो तर नीट वागत होता! आणि दारात सई उभी होती. ड्यूटीवरून नुकतीच आलेली, पांढऱ्या साडीत. चार वर्षांत पोर केवढी मोठी दिसायला लागली होती. तिचे डोळे त्या तांब्यावर होते.

"हितलं पाणीबी चालत न्हाई व्हय तुमाला, आबा?" ती म्हणाली. "मग आलासा कशाला?"

लालासाहेबाला वीज अंगावर पडल्यासारखं झालं. "आगं... आगं तसं न्हवं!" तो उठून उभा राहिला. "लेकीच्या घरचं पाणी बाप पीत न्हाई, तिला मूल होईपातुर! तुजा आजा तुज्या आत्याकडं गेला तर शेजाऱ्याच्या रांजणातनं पाणी प्यायचा! रीत हाय ती. माझ्या ध्यानातबी आलं न्हाई... तुमास्नी काय वाटलं असंल!"

रीत खरी होती, आणि तो खोटं बोलत नव्हता, हेही सगळ्यांना दिसत होतं. पण तांब्या जमिनीवरच होता. लालासाहेबानं त्याच्याकडं बघितलं. एकीकडं बापजाद्यांची रीत आणि दुसरीकडं समोर उभी असलेली पोर, आणि त्याला कळून चुकलं की आत्ता ह्या दोन्हींपैकी एकच घरी न्यायची आहे. तो वाकला, तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायला. धोतरावर सांडलं, छातीवर सांडलं, तो पीतच राहिला. रिकामा तांब्या त्यानं दोन्ही हातांनी आबेदाच्या हातात दिला. "आणखी मिळंल का, वहिनी?"

आबेदाचे डोळे भरून आले. "मिळंल की! विहीर हाय परसात!" म्हणत ती आत पळाली.

आता बोलावणं. लालासाहेब सईसमोर उभा राहिला आणि सकाळपासून घोकलेलं सगळं मराठी कुठल्या कुठं गेलं. तोंडून निघालं ते भलतंच. "इश्श्यो नि इकिमासेन का."

"काय?" सई घाबरली.

"जपानी हाय," तो ओशाळून म्हणाला. "रेडिओवर शिकलो. माझ्याबरुबर येणार न्हाईस का, असं इचारत्यात ते. समोरच्याला न्हाई म्हणता यावं म्हणून." त्यानं टोपी काढली. "सई, पंचमीला घरी येणार न्हाईस का? तू, आन फारूक, आन वहिनीबी. ओढून न्यायला न्हाई आलो. इचारतोय."

सई बापाकडं बघत राहिली. हाच का तो माणूस? ह्यानं तिला लहानपणी 'ऊठ', 'बस', 'अभ्यास कर' ह्याच्यापलीकडं काही म्हटलं नव्हतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"न्हाई, आबा," ती म्हणाली.

आबेदा दुसरा तांब्या घेऊन दारातच थबकली. आता हा आग्रह करणार, सगळ्यांनाच वाटलं. पण लालासाहेबानं तो 'नाही' ऐकून घेतला. ऐकून घेतला, आणि त्याला नवल वाटलं, की पोरीचा नकारसुद्धा पोरीचाच आवाज होता, आणि चार वर्षांत तो आवाज ऐकायला आपण तरसलो होतो.

"बरं," तो म्हणाला. "पर मी परत येऊन इचारीन. दिवाळीला इचारीन. तवा न्हाई म्हणलीस तर संक्रातीला."

"तसं न्हाई, आबा. आई कुठाय?"

"घरी हाय," लालासाहेब म्हणाला.

"तुमी रागावला, तुमी बोलावणं मोडलं, आता तुमीच जोडाय आलासा. ह्यात आईला कोण पुसलं? चार वर्सं ती सांगलीच्या गाड्या जाताना बघत फाटकावर उभी ऱ्हायली असंल. आदी आईला घिऊन या माझ्या घरी. हुकूम देऊन न्हाई. तिला असंच इचारून आणा. मग मी येते."

गाड्या जाताना मालन खरोखरच उभी राहायची, हे त्याला तेव्हा आठवलं. तो समजत होता, ती वाळवण राखायला उभी राहते.

त्याला जेवल्याशिवाय कुणी सोडलं नाही. वरण, भात, घोसाळ्याची भाजी होती. आबेदा वाढताना म्हणाली, "सईचा श्रावण असतो, म्हणून म्हैनाभर आमच्यातबी मटण शिजत न्हाई." लालासाहेबाचा घास हातातच राहिला. त्याच्या पोरीसाठी हे परकं घर चार वर्षं श्रावण पाळत होतं, आणि तो मात्र तिचं नाव काढू देत नव्हता. फारूकनं वाकून त्याच्या भातावर तूप सोडलं आणि म्हणाला, "आबा, ते जपानी पुन्हा एकदा म्हणा की." त्यानं म्हटलं. फारूकनं मागोमाग म्हटलं, चुकलं, सई हसली. किती वर्षांनी ऐकलं ते हसू!

दुपारच्या गाडीनं तो परतला. स्टेशनातून रुळांच्या कडेनं चालत फाटकाकडं आला तेव्हा मालन वाटेवर येऊन उभी होती. नवी साडी नेसलेली, केसांत फूल. तिनं त्याच्या मागं बघितलं. त्याच्या मागं नुसते रूळ होते.

"न्हाई आली," ती म्हणाली.

"न्हाई आली."

मालनचा चेहरा असा पडला की लालासाहेबाला तिच्याकडं बघवेना. ती वळली आणि क्वार्टरकडं चालायला लागली. आत दिंडं वाफेवर होती, त्यांचा वास वाटेपर्यंत आला होता.

"मालन, थांब," तो म्हणाला, आणि लगेच त्यानं जीभ चावली. पळत पुढं जाऊन तिच्यासमोर उभा राहिला. धाप लागली होती. "चुकलो. थांब न्हाई. ऐक. सई म्हणती, आई आदी माझ्याकडं यायला पायजे. मी तुला कंदीच इचारलं न्हाई. सांगलीला जाऊ नको म्हणलो, तवाबी न्हाई. आज सकाळीबी न्हाई." त्यानं टोपी काढून हातात धरली. "उद्या माझ्यासंगं लेकीच्या घरी येणार न्हाईस का?"

मालन त्याच्याकडं बघत राहिली. वाऱ्यानं बाभळी हलत होत्या, स्टेशनाकडून कुठल्याशा गाडीची शिट्टी आली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात एक 'नाही' आलं होतं, आणि ती ते न वापरता कशी सोडेल?

"न्हाई," मालन म्हणाली.

लालासाहेबाचं तोंड उघडं राहिलं.

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक.

"परत इचारा," ती म्हणाली.